दोरावरचा हात

मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचा, म्हणजे वाळूवरून दोरांनी जाळं ओढायच्या मासेमारीचा, कायदा सोपा होता. दोराला ज्याचा हात, त्याला मासळीचा वाटा. गैरहजर माणसाला काही नाही, मग तो तापाने फणफणलेला असो, नाहीतर सासुरवाडीला जेवायला गेलेला.

रापणीवर दोर ओढणाऱ्या काशीरामला हाच कायदा आज फास वाटत होता. तिशी उलटली, दोन पोरं झाली, तेव्हा कुठे पठ्ठ्या बाहेरून मॅट्रिक पास झाला. गावात नवं कॉलेज निघालं होतं. कामकरी माणसांसाठी संध्याकाळचा वर्ग काढायचा घाट तिथल्या गंगाराम सरांनी घातला होता. प्राचार्यांची अट एकच, सगळ्या मालकांनी माणसं सोडायचा शब्द दिला पाहिजे. काजू कारखान्याच्या निजामशेटने तो दिला होता. राहिला होता रापणीचा म्होरक्या तुकाराम तांडेल, आणि प्रवेशाची मुदत आज कॉलेजची कचेरी बंद होताच संपणार होती.

त्याचा शब्द घ्यायला सर किनाऱ्यावर आले आणि आल्या आल्या घोटाळा करून बसले. वाळूत पसरलेला दोर त्यांनी बुटांसकट ओलांडला. ज्या दोराच्या पाया पडून माणसं कामाला लागत, तोच!

"मास्तरानू, आमची लक्ष्मी ती!" तांडेल कडाडला. "नि वर माझी माणसां व्हयी तुमका?"

तेवढ्यात हाळी आली. बांगडे किनाऱ्यालगत शिरले होते. होडीने जाळ्याचा वळसा घातला आणि दोर ताणले गेले. काशीराम कमरेइतक्या पाण्यात ओढत होता, डोळे मात्र टेकडीवरच्या कॉलेजकडे. शिपाई खिडक्या लावू लागला होता.

"तांडेलानू, माका जावक व्हया," तो कसाबसा म्हणाला.

"जा! पण परत ह्या दोराक हात लावू नको."

दोर सुटला तर घरची चूल विझणार. नाही सुटला तर कॉलेज गेलं, आणि एका मालकाचा शब्द नाही म्हणून निजामशेटच्या बिचाऱ्या माणसांचंही. काशीराम रडकुंडीला आला.

सरांनी बूट काढले. दोराला हात लावून कपाळाला नेला आणि ते पाण्यात उतरले. "काशीराम, तू जा, नाव घाल. मी धरतो."

खडू धरणारे हात ते. पहिल्याच हिसक्याला तळवे सोलले. शेजारी दोर ओढणारा लवू खो खो हसला. पण सरांनी दोर सोडला नाही.

तांडेल बघत राहिला. तो स्वतः कधी ओढत नसे. वाळूवर उभं राहून हुकूम सोडायचे, हा त्याचा मान. आज मात्र तो धोतर खोचून पाण्यात शिरला.

"मास्तरानू, बाजूक व्हा. तुम्ही हंय रवलात तर शिकवतलो कोण?"

त्याने दोर धरला. काशीराम तरी हलेना. बोटं उघडतच नव्हती.

"धाव रे! ह्यो हात तुझो," तांडेल ओरडला. "वाटो तुझ्या घराक पोचतलो. सांग थंय, तुकारामान शब्द दिल्यान!"

काशीराम ओल्या अंगाने टेकडी चढला. शिपाई कुलूप हातात घेऊन दारात उभा होता. आत पाऊल टाकताना काशीरामने एकदा मागे पाहिलं. साठीतला तांडेल त्याच्या जागेवर वाकून ओढत होता, आणि मघाशी हसणारा लवूही मान खाली घालून जोर लावत होता. तेव्हा मात्र काशीरामला रडू आवरलं नाही.