घरच्या तळ्यातली मरळ

शिवांजलीला डोहाळे लागले ते नेमके मरळीच्या कालवणाचे, आणि तेही आईच्या हातच्या. माधवनगरहून फोनवर ती बापाला तसं म्हणून गेली. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आता तो हात कुठून आणायचा?

हात नव्हता, पण चटणी होती. आईनं, रंगूबाईनं, शेवटच्या उन्हाळ्यात कुटलेली, बरणीच्या तळाला दोन-चार चमचे उरलेली. तिचा बाप केरबा स्वतः दुकानची चटणी खाई, पण त्या बरणीला हात लावत नसे. कधीतरी झाकण उघडून नुसता वास घ्यायचा आणि पुन्हा घट्ट लावायचा. पलटणीत वीस वर्षं काढलेला गडी, पण त्या वासापुढं त्याचं काही चालत नसे.

लग्नानंतर सात वर्षांनी पोरीची कूस उजवली होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला पहिल्याच खेपेला बजावलं होतं, नदीचा मासा नको. शेतात मारलेलं औषध पावसाबरोबर ओढ्याला येतं, ओढ्यातून नदीला आणि तिथून माशाच्या अंगात. शिजवलं म्हणून ते सगळं जात नाही, आणि पोटातल्या बाळाला नसती जोखीम कशाला?

"नदीचं कुटं म्हनतोय म्या?" केरबा फोनवर म्हणाला. "आपल्या शेततळ्यात मरळी सोडल्यात की. विहिरीचं पानी, खाली प्लॅस्टिकचा कागद. औषधाचा थेंब न्हाई. तू ये तर खरं!"

रविवारी सकाळी जावई तिला कुंडलला माहेरी सोडून गेला. केरबानं बरणी तिच्या हातात दिली आणि जाळं घेऊन तळ्यावर गेला. काय काय करायचं ते त्यानं आठवडाभर घोकलं होतं. सगळ्यात मुख्य म्हणजे मरळीचं डोकं. रंगूबाई ते नेहमी लेकीच्या वाटीच्या तळाशी लपवायची, बाकीच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. ते विसरून चालणार नव्हतं.

हातभर लांबीच्या दोन मरळी निघाल्या. त्यानं राख लावून त्या घासल्या, दगडावर ठेवून पोटं फाडली. आतडं चिरलं तसे मूठभर तपकिरी पंख बाहेर आले.

भुंगेरे. केरबानं ओळखले.

गेल्या साली हुमणीनं, ह्याच भुंगेऱ्यांच्या अळीनं, उसाची मुळं खाऊन पार वाट लावली होती. म्हणून यंदा, चार दिवसांमागं वळीव पडल्यावर बांधावरच्या लिंबावर भुंगेरे बसलेले दिसताच त्यानं पाठीवर पंप घेऊन अख्खं झाड औषधानं धुऊन काढलं. सकाळी खाली भुंगेऱ्यांचा सडा. पुरायला खड्डा काढत होता, तेवढ्यात एक तळ्यात पडला आणि मरळीनं तो गपकन गिळला. फुकट ते पौष्टिक! केरबानं तीन पाट्या भुंगेरे हौसेनं तळ्यात ओतले. दुसऱ्या दिवशी चार-दोन बारकी पिल्लं उताणी तरंगली, तर उन्हानं मेली म्हणाला. नदीला नावं ठेवणारा शहाणा!

"आबा, चटनी परतली बगा," आतून शिवांजलीची हाक आली. "वास लय भारी सुटलाय! आना की लवकर!"

पंख पाण्यात फेकले की कुणाला कळणार होतं? मरळी तर चांगल्या धष्टपुष्ट होत्या. वर्षातनं पहिल्यांदा पोरीच्या आवाजात तो आनंद आला होता. केरबानं ते पंख उचलले, पाण्याच्या दिशेनं हात नेला आणि तसाच थांबला. मग पंख मुठीत धरून तो चुलीपाशी गेला आणि लेकीपुढं मूठ उघडली.

"शिवा, ह्यास्नी म्या औषध मारलंय. आन् म्याच मरळीस्नी खाऊ घातलंय."

पंख बघून तिचे डोळे भरून आले. "येक तुकडा बी न्हाई, आबा?"

"अर्धा बी न्हाई."

त्यानं मरळी खोल पुरल्या, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला. परत आला तर शिवांजलीनं मसाल्यात पाणी ओतून नुसताच रस्सा उकळला होता. "बसा," ती म्हणाली. "चटनी तर आईचीच हाय न्हवं?"

पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले. "आईच हाय, आबा," ती म्हणाली. केरबानं भाकरी कुस्करायला घेतली.

रस्सा संपत आला तशी शिवांजलीची बोटं सवयीनं वाटीच्या तळाशी गेली, चाचपत एकदा फिरली, पुन्हा एकदा फिरली आणि थांबली. केरबानं मान दुसरीकडं वळवली. मोरीपाशी रंगूबाईची बरणी स्वच्छ धुऊन पालथी घातली होती.