हात लावू का?

भिंगरीला चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला आणि बापाने दिसेल त्याला अडवून ही बातमी सांगितली. भिंगरी हे अर्थातच घरातलं नाव. लहानपणी ती घरभर स्वतःभोवती गरागरा फिरायची आणि फिरून फिरून धपकन पडली की रडायचं सोडून खदाखदा हसायची, म्हणून बापाने ठेवलेलं. पुढे ती बापाच्या कानापर्यंत पोचेल एवढी उंच झाली, फिरणं सुटलं, हसणं मात्र सुटलं नाही. दुकानाच्या मालकांना हे नाव कळलं आणि ते फारच खूश झाले. भिंगांच्या दुकानात भिंगरी. पुढचे कित्येक दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला हा विनोद ऐकवत होते आणि गिऱ्हाइकाच्या आधी स्वतःच हसत होते.

आई इथलीच. तिचे केस सरळ, गुळगुळीत, रबरात टिकायचे नाहीत असे. बाप लांबच्या देशातून कामासाठी आला आणि आईला बघून इथलाच झाला. भिंगरीने उंची, गडद काळा रंग आणि केस, तिन्ही बापाकडून उचलले होते. केस कसले, बारीक बारीक वेटोळ्यांचं रानच. मोकळे सोडले की डोक्याभोवती गोल उभे राहायचे आणि दारातून तिच्याआधी तेच आत यायचे. त्यांची निगा राखायचं आईला काही केल्या जमलं नाही. ते काम बापामागोमाग इथे येऊन राहिलेल्या आत्याने अंगावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी आत्या तिला पुढ्यात बसवायची, केस ओले करून भाग पाडायची, टोकाकडून मुळाकडे सोडवत यायची. अर्धा दिवस त्यात जायचा, पण उठल्यावर भिंगरीला वाटायचं, आपल्यासारखं कोणी नाही.

नोकरीत तिला सगळ्यात आवडला तो मालकांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला नियम. चष्मा बसवायचा म्हणजे माणसाच्या नाकाला, कानाला, कपाळाला हात लागणारच. तेव्हा आधी विचारायचं, "हात लावू का?" माणूस हो म्हणाला की मगच लावायचा. मालकांनी तो इतका गंभीरपणे सांगितला, की भिंगरीला आपण डॉक्टरच झाल्यासारखं वाटलं. ती आरशासमोर तो प्रश्न म्हणून बघायची. मऊ आवाजात, ठाम आवाजात, घसा खाकरून. गिऱ्हाईक हो म्हणालं की केस हलक्या हाताने मागे सारायची, चष्म्याच्या काड्या कानामागे नीट बसल्या की नाही बघायची, नाकावरचे पॅड जरा आत, जरा बाहेर. थोड्याच दिवसांत तिचा हात इतका बसला, की लोक खास तिच्याकडून चष्मा बसवून घ्यायला थांबू लागले.

गंमत अशी, की भिंगरी सगळ्यांना विचारत होती, आणि भिंगरीला कोणीच विचारत नव्हतं. मालक सकाळी दुकानात शिरताना तिच्या केसांवर दोनदा थापटायचे. म्हणायचे, दिवस चांगला जातो. बिलांवर बसणाऱ्या काकू जाता-येता एखादी बट ओढून सोडायच्या आणि ती टुणकन वर गेली की टाळ्या पिटायच्या. गिऱ्हाइकं तर विचारूच नका. कोणी म्हणे स्पंज, कोणी म्हणे लोकर. खरे आहेत का, धुतेस कसे, आत पाणी जातं का. केसांत हात घातलेला असतानाच विचारायचे, तू मूळची कुठली. भिंगरी सांगायची, मागच्या गल्लीतली. त्यावर ते हसायचे आणि पुन्हा विचारायचे, तसं नाही गं, मूळची. हे तिला नवं नव्हतं. शाळेच्या रांगेत मागून कुणाचा ना कुणाचा हात यायचाच, आणि वळून बघितलं तर सगळ्यांचे हात खिशात.

पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत तिचं कशातच लक्ष नव्हतं. कारण मागच्या खोलीत काचवाला होता.

काचवाला म्हणजे भिंगं फ्रेमच्या मापाला घासून देणारा तरुण. त्याच्या मशीनचा आवाज दिवसभर गुरगुरत असायचा आणि तो थांबला की भिंगरीच्या छातीत धडधडायला लागायचं, कारण आता तो तयार चष्म्यांचा ट्रे घेऊन बाहेर येणार. तो यायचा, ट्रे ठेवायचा, "झाले बघा" म्हणायचा आणि जायचा. एवढ्यावर भिंगरीचा अख्खा दिवस निघायचा. घरी जाऊन ती आईला सांगायची, आज तो "झाले बघा"च्या पुढे "सगळे" पण म्हणाला. आई म्हणायची, भाषणच केलं म्हणायचं. दोघी भांडी घासता घासता हसून हसून बेजार व्हायच्या.

एकच गोष्ट तिला खुपायची. सगळ्या दुकानाचे हात तिच्या केसांसाठी शिवशिवत होते, आणि हा बाबा मात्र कायम हातभर लांब, तेही हात पाठीमागे बांधून. यावरून त्याला आपण आवडत नाही असा निष्कर्ष तिने काढला होता. आत्याने तो ऐकला आणि कंगवा थांबवून तिच्याकडे असं बघितलं, की भिंगरीला आपण नक्की काय मूर्खपणा केला ते कळेना, पण केला हे कळलं.

मग तो दिवस आला. सणकून गर्दी होती. खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. ताठ कणा, करडा आवाज, दुकानातली माणसंसुद्धा नकळत रांगेत उभी राहावीत असा एकूण दरारा. भिंगरीने विचारलं, हात लावू का. बाईंनी परवानगी दिली. भिंगरी वाकली, पट्टी त्यांच्या नाकावर आडवी धरली आणि दोन बुबुळांमधलं अंतर मोजू लागली. या कामात हात जराही हलून चालत नाही. आणि नेमक्या त्याच वेळी बाईंनी दोन्ही हात वर करून तिच्या केसांत घातले, पार मनगटापर्यंत, आणि पीठ मळावं तसे दाबले.

"अगं, हे तर उशीसारखं आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी शेजारच्या बाईंनाही बोलावलं, या, बघा तरी.

भिंगरी पट्टी धरून वाकलेली तशीच राहिली. शेजारच्या बाई खरंच आल्या, तिसरा हात आत गेला. भिंगरीला आधी राग आला, डोळ्यांत पाणी यावं इतका. त्या क्षणी ती कोणी नव्हती, दुकानात मांडलेली, हाताळून बघायची वस्तू होती. आणि मग, का कोण जाणे, तिला हसायला यायला लागलं. एका म्हाताऱ्या नाकाला बोटभर पट्टी लावण्यासाठी आपण अदबीने परवानगी घेतली, आणि आपल्या डोक्यात तीन हात. हसू आवरेना. ती सरळ उभी राहिली, दोन पावलं मागे झाली आणि हसता हसताच, पण एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाली,

"बाई, तुमच्या नाकाला हात लावायच्या आधी मी तुम्हाला विचारलं. तुम्ही मला विचारलं नाहीत."

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. मुख्याध्यापिकांनी हात मांडीवर घेतले. मग न्यायाने वागणाऱ्या माणसासारख्या म्हणाल्या, "बरं. चुकलं. आता विचारते. लावू का हात?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

या उत्तराची कुणालाच अपेक्षा नव्हती, बहुतेक भिंगरीलाही नव्हती. विचारलं की हो म्हणायचंच असतं, अशी बाईंची आजवरची समजूत असावी. काउंटरमागून मालक लगबगीने आले. गिऱ्हाईक हातचं जाणार म्हणून त्यांच्या कपाळावर घाम. त्यांनी बाईंपुढे हात जोडले, पोर नवीन आहे, मनावर घेऊ नका असं काहीबाही बोलले, आणि बोलता बोलता सवयीने भिंगरीच्या केसांवर थापटलं.

भिंगरीने वळून त्यांच्याकडे बघितलं. मालकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. तिने शांतपणे हात उचलला, त्या तुळतुळीत टकलावर चांगला पसरून ठेवला, आणि तिथेच राहू दिला.

काकूंनी तोंडात पदर कोंबला तरी नाकातून आवाज निघालाच. मालकांचे कान लाल झाले, मग गाल, मग भिंगरीच्या हाताखालचं टक्कल.

"कसं वाटतंय?" तिने विचारलं.

मालक मुळात सरळ माणूस. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "चमत्कारिक," ते म्हणाले. "हात झटकावासा वाटतोय, पण सगळे बघतायत."

"तुम्हाला हे आज एकदा झालं. मला शाळेपासून होतंय. आणि तुम्हाला कोणी विचारणार नाही, तुम्ही मूळचे कुठले."

तिने हात काढला. काढताना मात्र तिला नोकरी दारातून बाहेर जाताना स्पष्ट दिसली. मुख्याध्यापिका पर्स उचलून निघून गेल्या. आणि तेवढ्यात भिंगरीच्या लक्षात आलं, की मागच्या खोलीतलं मशीन बंद आहे. काचवाल्याने सगळं ऐकलं होतं. झालं, तिने मनात म्हटलं, नोकरी गेली आणि हाही गेला.

पण नोकरी गेली नाही. मालक दुपारभर आरशासमोर घुटमळत राहिले, मधूनच आपल्या डोक्यावरून हात फिरवून बघत. दुकान बंद करताना ते भिंगरीजवळ आले आणि म्हणाले, की नियम मीच केला आणि मीच मोडला, पुन्हा होणार नाही. एवढं बोलून ते थांबले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विचारण्याचा धडाकाच लावला. भिंगरी, पंखा लावू का. भिंगरी, इथे पेन ठेवला तर चालेल का. एकदा त्यांना शिंक येत होती तर त्यांनी हातानेच खूण करून विचारलं, आणि परवानगी मिळेपर्यंत शिंक विरून गेली. काकूंनी स्वतःचे हात पदरात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. बट दिसली की राहवत नाही, म्हणाल्या, मी स्वतःला ओळखून आहे. भिंगरी हसून हसून कोलमडायची.

मुख्याध्यापिकाही परत आल्या. चष्मा तर हवाच होता, आणि दुसऱ्या दुकानात त्यांना म्हणे कोणी न विचारताच हनुवटीला धरलं होतं. त्या खुर्चीत बसल्या, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि म्हणाल्या, "मोज." मोजून झाल्यावर, वर न बघता, त्यांनी भिंगरीचं आडनाव विचारलं आणि ते नीट उच्चारता येईपर्यंत तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं.

राहता राहिला काचवाला. तो आता हातभर नव्हे, दोन हात लांब उभा राहायला लागला. ट्रे ठेवायचा आणि पळायचा. "झाले बघा" सुद्धा बंद. शेवटी भिंगरीनेच मनाचा हिय्या केला. काचवाल्याचा स्वतःचा चष्मा नाकावरून सारखा घसरायचा; दुनियेच्या काचा घासणाऱ्याला स्वतःची फ्रेम बसवून घ्यायला सवड नव्हती. दुपारी दुकान रिकामं बघून तिने त्याला खुर्ची दाखवली. तो बसला. तिने विचारलं, हात लावू का. तो हो म्हणाला, इतक्या हळू, की तिने पुन्हा विचारलं. तिने फ्रेमच्या काड्या गरम हवेवर धरल्या, कानामागे वाकवल्या, पॅड दाबले. काम कधीच झालं होतं, तरी ती अजून जरा, अजून जरा करत राहिली.

"मी एक विचारू का?" तो अचानक म्हणाला.

भिंगरीचे हात थांबले. आला, म्हणजे हाही त्याच वाटेने आला. केसच. हो म्हणावं की नाही म्हणावं, तिचं ठरेना. मजा म्हणजे तिला हो म्हणायचं होतं, आणि त्याने विचारलेलंही नको होतं.

"विचारा," ती म्हणाली.

काचवाला घसा खाकरून म्हणाला, "मी तुम्हाला 'तू' म्हटलं तर चालेल का?"

भिंगरीला जे हसू फुटलं त्याने तिला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तो घाबरून उठायला लागला, तसं तिने कसंबसं सांगितलं, की चालेल, पळेल, आणि तू मला सिनेमालाही घेऊन जा. दाराबाहेरून मालकांचा आवाज आला, आत यायचंय, येऊ का. दोघंही एकदम ओरडले, नाही.

सिनेमाला ती केस मोकळे सोडून गेली. आत्याने सकाळपासून खपून ते असे फुलवले होते, की रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, मागच्या रांगेतले गृहस्थ पुढे वाकून फार संकोचाने म्हणाले, की माफ करा, केस सुंदर आहेत, पण आम्हाला पडद्याचा फक्त वरचा भाग दिसतोय. काचवाला उसळून काही बोलणार होता, पण भिंगरीने त्याचा हात धरून त्याला उठवलं. वाकून, लोकांच्या पायांना ठेचकाळत, हसू दाबत ते दोघं सगळ्यात शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तिथे त्यांच्या मागे फक्त भिंत होती. सिनेमात पुढे काय झालं, ते आईने घरी खोदून खोदून विचारलं, पण भिंगरीला काही केल्या सांगता आलं नाही.