अपाला न सांगता काढायचं तिकीट

आठवडाभर मानेनेच नकार देणारा शेठ काल संध्याकाळी लूम बंद करता करता म्हणाला, "जा बाबा, भाचीचं तोंड बघून ये," आणि तेव्हापासून तृनाथचे पाय जमिनीवर नव्हते. कामगारांच्या राहत्या मेसमध्ये परतताना तो वाटेतल्या कुत्र्याशीसुद्धा प्रेमाने बोलला म्हणतात. सुरतेत राहून गावाकडची एवढी ओढ कुणाला लागली की त्याचं असंच होतं, आणि ओडिशातल्या गंजामकडच्या माणसाला तर ती जरा जास्तच लागते.

प्रथमाष्टमी आली होती. घरातल्या पहिल्या लेकराचा दिवस. मामाच्या घरून आलेला नवा कपडा त्या दिवशी लेकराच्या अंगावर चढतो, मग ओवाळणी होते, मग हळदीच्या पानात उकडलेला पिठा. अपाची लेक गेल्ही वर्षाचीही नव्हती आणि तिची ही पहिलीच अष्टमी. अपाला माहेर म्हणून उरला होता तो एकटा तृनाथ. आईवडील गेल्यावर या थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं, शिकवलं, डब्यात चुडा, म्हणजे पोहे, बांधून सुरतेच्या गाडीत बसवलं. आणि याच पठ्ठ्याने गेल्या आठवड्यात तिला फोनवर सांगितलं होतं की रजा नाही, कपडा कुरियरने पाठवतो. अपा फक्त "बरं" म्हणाली होती. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. ते "बरं" त्याच्या कानातून जात नव्हतं.

म्हणून आता तिला काही कळू द्यायचं नव्हतं. सरळ दारात जाऊन उभं राहायचं. लाल फ्रॉक घेऊन झाला होता, राहिलं होतं तिकीट. उद्याच्या गाडीचं तत्काळ आज अकराला उघडणार होतं. ती गाडी हुकली तर पुढची गाडी अष्टमी उलटून गेल्यावर पोचणार, मग तो फ्रॉक काय पुढच्या वर्षी घालायचा? स्टेशनच्या खिडकीवर तर लोक आदल्या दिवसापासून पथारी टाकून बसतात. सगळी भिस्त मोबाइलवर.

दहा वाजता तृनाथने हातपाय धुऊन, जगन्नाथाच्या फोटोला नमस्कार करून रेल्वेची साइट उघडली. पडद्यावर अक्षरं आली: आपलं खातं बंद करण्यात आलं आहे.

"कोणी हात लावला माझ्या खात्याला?" तो ओरडला.

यात रागाचा भाग अर्धाच होता. लूमच्या खडखडाटात वर्षं काढलेली माणसं झोपेतसुद्धा ओरडूनच बोलतात. आणि प्रश्नही तसा फुकटचा होता, कारण खातं नावाला तृनाथचं असलं तरी अख्ख्या मेसची तिकिटं त्यावरूनच निघायची आणि पासवर्ड स्वयंपाक्यापासून सगळ्यांना पाठ होता. घरची किल्ली उंबऱ्याखाली ठेवावी तसा तो प्रकार होता.

रात्रपाळी करून आडवा झालेला दुर्योधन प्रधान उठून बसला. नाव दुर्योधन, पण माणूस इतका गरीब की मुंगीला वाट देईल. "तृनाथ, ते… मी काल जरा मेव्हण्याचं तिकीट बघत होतो."

"जरा म्हणजे?"

"पाच-सहा वेळा. पासवर्ड चुकला म्हणत होतं, म्हणून मग मी जोरात दाबला."

"जोरात दाबून पासवर्ड बरोबर होतो का, दुर्योधनभाई? ती काय लूमची खिटी आहे?"

खोलीत हसू पिकलं, पण तृनाथ घड्याळ बघत होता. नवं खातं काढावं तर त्याला ई-मेल लागतो, आणि मेसमधल्या प्रत्येकाचा ई-मेल कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याने काढून दिलेला. तो काय आहे हे त्या मोबाइलवाल्यालाही आठवत नसेल. आहे तेच खातं सोडवायला हवं होतं.

खोलीत नेट धड चालत नाही, म्हणून सगळे गच्चीवर धावले. वाळत घातलेल्या लुंग्या बाजूला सारून तृनाथ टाकीला टेकून बसला आणि त्याच्या डोक्यावर दहा-बारा डोकी वाकली. साइटने जन्मतारीख विचारली. त्याने आधारवरची टाकली. चूक. कॅप्चाची वाकडीतिकडी अक्षरं नीट वाचून पुन्हा तीच टाकली. चूक. आणि खाली लाल अक्षरांत आलं की आता एकदाच संधी आहे, त्यानंतर उद्या.

"अरे, स्वतःची जन्मतारीख चुकतोस?" कोणीतरी म्हणालं.

"आधारवर शाळेतलीच आहे, ती टाकली."

"मग ती चुकणारच. हेडमास्तरांनी आपल्या गावातली निम्मी पोरं एकाच तारखेला जन्माला घातलीत. माझी आणि माझ्या काकाचीही तीच आहे."

तृनाथला एकदम आठवलं. हे खातं त्याने काढलंच नव्हतं. तो पहिल्यांदा सुरतेला निघाला तेव्हा अपाने काढून दिलं होतं, ओट्यावर बसून, एका हाताने भाजी निवडत. तारीख तिने कोणती टाकली, हे एक तीच जाणे. म्हणजे जिच्यापासून लपवायचं, तिलाच विचारायचं. आली का पंचाईत.

"सगळ्यांनी तोंडं बंद ठेवा," त्याने बजावलं आणि फोन लावला.

"काय रे, आज आठवण झाली?" अपाचा आवाज कोरडा होता. "कुरियर आलं नाही अजून."

"येईल, येईल. अपा, एक काम होतं. ते तिकिटाचं खातं काढलंस ना माझं, त्यात जन्मतारीख कोणती टाकलीस?"

"आज कशाला हवी?"

"दुर्योधनभाईंचं तिकीट काढायचंय."

"मग तुझी जन्मतारीख टाक."

"शाळेतली चालत नाही गं."

"शाळेतली कशाला चालेल? तो काय तुझा वाढदिवस आहे? तुझा वाढदिवस प्रथमाष्टमीला."

तृनाथच्या लहानपणी अष्टमीला ओवाळणी अपाची व्हायची, कारण थोरली ती. एका वर्षी हा धाकटा खाटेखाली शिरून असा भोकाड पसरून रडला की अपाने पाटावरून उठून अंगातला नवाकोरा फ्रॉक काढला, याच्या अंगात घातला, स्वतः जुना परकर नेसून बसली आणि जाहीर केलं की आज तृनाचा वाढदिवस आहे. गल्ली हसली, आई रागावली, पण अपा हटली नाही. पुढे वर्षानुवर्षं त्या दिवशी तो तिच्या शेजारी पाटावर बसला. मोठं झाल्यावर त्याला कळलं की असं काही नव्हतं, त्याचा जन्म भर उन्हाळ्यातला.

"अपा, ती तारीख खरी नाही ना पण."

"मी दिली ती खोटी कशी होईल? तू जन्मलास त्या वर्षीची अष्टमी पंचांगात बघून टाकली होती मी. अकरा नोव्हेंबर. लिहून घे आणि दुर्योधनला म्हणावं, सुखाने जा. ज्यांना घरी जायची ओढ असते, त्यांना तिकिटं मिळतात."

टोमणा बसायचा तिथे बरोबर बसला, पण वाईट वाटून घ्यायला वेळ कुठे होता? साडेदहा होऊन गेले होते. तृनाथने तारीख टाकली, वर्ष टाकलं, डोळे मिटून बटण दाबलं. उघडलं. गच्चीवर एकच ओरडा झाला आणि पलीकडच्या इमारतीवरची कबुतरं उडाली. मग पुढचं पान आलं: आपल्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

नोंदवलेला मोबाइल अर्थातच अपाचा. तो बदलायचं याने कधी मनावर घेतलं नव्हतं. मेसमधल्या कुणाचंही तिकीट निघालं की निरोप अपाच्या फोनवर जायचा आणि गावातल्या बाया पाणी भरता भरता तिला विचारायच्या, "आमच्याचं निघालं का गं?" सगळ्यांची बातमी आधी तिला आणि मग जगाला.

पुन्हा फोन.

"आलाय ओटीपी," अपा म्हणाली. "पण आधी दुर्योधनला फोन दे."

तृनाथने हात जोडून फोन पुढे केला. दुर्योधन आयुष्यात कधी खोटं बोलला नव्हता आणि आता सगळ्या मेसच्या देखत सुरुवात करायची होती.

"हां अपा," तो ओरडला, "मीच जाणार. तृनाथ अजिबात येत नाहीये. लाल फ्रॉकही त्याने घेतलेला नाही."

तृनाथने कपाळावर हात मारून घेतला. फोनमधून गेल्हीची ट्यँ ट्यँ तेवढी ऐकू आली. मग अपाने अगदी सावकाश, एकेक आकडा वेगळा करून ओटीपी वाचला.

"जमलं तर खिडकीजवळची जागा घ्या, दुर्योधनभाई," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नवा पासवर्ड ठरला. तृनाथने तो कोणालाच न सांगता, फोन छातीशी धरून टाकला आणि पहिल्यांदाच मेसमध्ये कोणी त्याबद्दल तक्रार केली नाही. अकराला दोन मिनिटं कमी होती. स्वयंपाक्याने खालून हाक मारली की पखाळ, म्हणजे पाण्यातला भात, वाढलाय, तर त्यालाच वर बोलावून घेतलं. अकरा वाजले. पडद्यावर चाक फिरू लागलं. गच्चीवर इतकी शांतता की खालच्या कारखान्यातला लूम नुसता ऐकू येत नव्हता, पायाखाली जाणवत होता. नाव, वय, स्लीपर, पुढे. चाक फिरतंय. पैसे गेले. अजून फिरतंय. दुर्योधन डोळे मिटून जगन्नाथाला नारळ कबूल करत होता, एकाचे दोन झाले, दोनाचे पाच झाले.

हिरवी खूण आली. खात्रीची जागा. आणि खिडकीजवळची.

मग काय विचारता. तृनाथला उचललं, खाली आपटता आपटता वाचवलं, कोणीतरी वाळत घातलेली लुंगी त्याच्या डोक्याला फेटा म्हणून गुंडाळली. तो हसत होता आणि त्याचे डोळे भरून वाहत होते आणि दोन्हींपैकी एकही थांबवायची त्याला इच्छा नव्हती. उद्या गाडी, मग गेल्ही, मग अपाचं दार. "अपाला कुणी सांगितलंत तर बघा," तो सगळ्यांना दरडावत होता. "तिचं तोंड बघायचंय मला, दारात."

तेवढ्यात फोन वाजला. अपा.

तृनाथने फोन उचलला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तिकिटाचा निरोप गेला होता. प्रवाशाच्या नावासकट. आठवडाभर केलेला विचार, काल संध्याकाळपासून राखलेलं गुपित, आणि साइटने ते एका क्षणात तिच्या हातात नेऊन ठेवलं होतं.

"दुर्योधन प्रधानचं नाव तृनाथ गौडा कधीपासून झालं रे?" अपा म्हणाली. तिचा आवाज आता कोरडा नव्हता.

"अपा, तुला दारातच—"

"ये. दारात मी काही माहीत नसल्यासारखं करीन. फ्रॉक विसरू नकोस. आणि तुझा कपडा आणून ठेवलाय मी. तू येत नाही म्हणालास ना, त्याच दिवशी आणला. या वेळी शर्ट आहे."