राखेने घासलेला दांडा

तलवारीच्या मुठीत जो लोखंडी दांडा असतो, त्याचा गंज कधी काढायचा नाही. जपानातल्या आमच्या ओसाफुने या तलवारींच्या गावात हे लहान मुलांनाही माहीत असतं. पात्याला तेल लावा, पुसा, चमकवा; दांड्याला हात लावू नका. तो जितका काळा, तितकं तलवारीचं वय खरं. मलाही हे माहीत होतं, निदान कानावरून गेलं होतं. तरी मी तो घासला. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

युद्ध संपलं त्या वर्षीच्या शरदात अमेरिकन सैन्याचा हुकूम आला, की घरात असतील त्या तलवारी पोलीस चौकीत आणून द्या. आमच्याकडे एकच होती. माझे बाबा शाळेत अक्षरलेखन शिकवायचे. तलवारींवरची पुस्तकं त्यांच्याकडे होती, पण तलवार म्हणाल तर पणजोबांकडून आलेली ही एकच. दांड्यावर लोहाराचं नाव नव्हतं, नुसती खुंटीची दोन भोकं होती. त्यातलं एक जरा तिरकं.

जायच्या दिवशी सकाळी बाबांनी मूठ उतरवली आणि दांड्यावर पातळ कागद धरून काजळकांडीने त्याचा ठसा घेतला. कानशीच्या तिरक्या रेघा आणि गंजाचा दाणेदारपणा, सगळं कागदावर उमटलं. मग पात्याची कड आखून त्यांनी धारेजवळची, लोखंडाला पाणी देताना उमटलेली रेघ पेन्सिलीने हाताने काढली. ती लाटेसारखी वरखाली जाते. टोकापासून वीतभर अलीकडे, लाटेच्या वर, एक सुटा पांढरा ठिपका होता. बाबा त्याला तांदूळ म्हणायचे.

"हिसायो, बघ, तांदूळ नीट आलाय ना?"

"आलाय. पण बाबा, तिला परत कधी देतील?"

"देतील." ते म्हणाले आणि नावाची पाटी बांधायला सुतळी आणायला शेजारी गेले.

मी एकटीच राहिले. तो काळा दांडा बघून मला लाज वाटली. परके शिपाई मूठ उघडतील आणि म्हणतील, काय गबाळं घर आहे. आई मला भांडी घासायला लावायची, तीच चुलीतली राख आणि काथ्या मी घेतला. खालच्या भोकाच्या बाजूला माझ्या तळव्याएवढी जागा लख्ख झाली, तेवढ्यात हात दुखायला लागला. बाबांची पावलं वाजली, तशी मी घाईघाईने मूठ बसवली आणि बांबूची खुंटी ठोकली.

"अरे! मूठ बसवलीससुद्धा? शहाणी गं माझी पोर!" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तलवार गेली. परत आली नाही.

पुढे पुस्तकं येऊ लागली. कुठल्या देशात कुणाकडे कुठली तलवार आहे, त्यांचे फोटो आणि ठसे छापलेली जाड पुस्तकं. बाबा पगारातून एकेक आणायचे आणि जेवणानंतर पान न् पान आपल्या ठशाशी ताडून बघायचे. न जुळणाऱ्या पानावर कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'नाही' लिहायचे. आई म्हणायची, "बायकोचं तोंड तरी एवढं निरखून पाहिलंत का कधी?" बाबा म्हणायचे, "तुझं तोंड हरवलं नाही ना!"

एकदा एका पुस्तकात कुणीतरी दांडा घासून काढलेली तलवार होती. बाबा फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "जित्या माणसाची कातडी सोलावी तसं केलंय बघ. कोण असेल हा राक्षस?" मी भाताचा घास तोंडात धरून बसले. त्या दिवशी सांगायला हवं होतं. पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग माझं लग्न होऊन मी नदीपलीकडे गेले. आई वारली. आणि जितकी वर्षं जात होती तितकं ते जड होत होतं.

बाबा वारले तेव्हा त्यांची बेचाळीस पुस्तकं चहाच्या खोक्यांतून माझ्याकडे आली. मी ती एकेक उघडली. त्यांतल्या एकात, अमेरिकेतल्या कुठल्याशा प्रदर्शनाच्या पुस्तकात, एका पानावर नुसतं 'नाही' नव्हतं. लिहिलं होतं: 'पातं तेच वाटतं. तांदूळही आहे. पण दांडा जुळत नाही, खालच्या कानशीच्या रेघाच नाहीत. नाही.' त्या 'नाही'वर पेन्सिल दोनदा फिरवलेली होती.

बाबांना ती सापडली होती. माझ्यामुळे त्यांनी तिला ओळखायचं नाकारलं.

फोटोखाली मालकाचं नाव नव्हतं. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून मी प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहून घेतलं, ते पत्ता सापडत नाही म्हणून परत आलं. मग मी दर महिन्याला देवळात तलवारप्रेमींची बैठक भरते तिथे जाऊ लागले. बैठकीत, नाव दिसू नये म्हणून, दांडा कापडात गुंडाळून पाती मांडतात. आपण वाकून नमस्कार करायचा, पातं उचलून पाहायचं आणि लोहार कोण असेल ते चिठ्ठीवर लिहायचं. चाळीस वर्षांत माझे अंदाज फार काही सुधारले नाहीत. मी लोहार ओळखायला जातच नव्हते.

गेल्या शरदात, रविवारी दुपारी, पाच पाती मांडली होती. चौथं मी उचललं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. लाट वर गेली, खाली आली. टोकापासून वीतभर अलीकडे एक सुटा पांढरा ठिपका.

पाहताना बोलायचं नसतं. हात इतका थरथरला की मागच्या माणसाने "आजी, सांभाळून" म्हटलं. मी ती खाली ठेवली, नमस्कार केला, आणि चौथ्या ओळीत लिहिलं: 'आमच्या घरची.'

चिठ्ठ्या कुवामोतोसान वाचतात. सत्तरीचे आहेत, आयुष्यभर पात्यांना धार आणि चमक देण्याचं काम केलं. माझी चिठ्ठी वाचून त्यांनी चष्मा वर केला. "हिसायोसान, हे काय?"

टोफूवाले तोराओसान त्यांच्या खांद्यावरून डोकावले. "अहो, लोहाराचं नाव विचारलंय, तुमच्या माहेरचं नाही!"

सगळे हसले. मीही हसले असेन. मग कुवामोतोसाननी चौथ्या पात्याचं कापड सोडलं आणि हसणं थांबलं. सगळा दांडा काळा, आणि खालच्या भोकाजवळ लहान तळव्याएवढा डाग, करड्या रंगाचा, गुळगुळीत.

"अरेरे! एवढं चांगलं पातं, आणि कुणा गाढवाने घासलंय हे! तिकडच्या, अमेरिकेतल्याच कुणीतरी, आणखी कोण?" कुवामोतोसान म्हणाले.

"तिकडच्या कुणी नाही. मी घासलंय. चुलीच्या राखेनं." मी म्हणाले.

तलवारीचा मालक निशिवाकी नावाचा चाळिशीचा माणूस होता, हिमेजीत दातांच्या कवळ्या बनवतो. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्याच्या मागे राहिलेल्या सामानातून त्याने ती आणली होती. डागामुळे जाणकारांनी तिला नाकारलं होतं. हा दांडा खोटा असावा, नंतर जोडलेला असावा, असं म्हणून. आता तो माझ्याकडे बघत होता.

बाबांचा ठसा मी पिशवीत घेऊनच फिरते. तो काढून तलवारीशेजारी पसरला. भोकं जुळली, तिरकं तिरक्याशी. कागदावर डागाच्या जागी कानशीच्या रेघा होत्या, वरपासून खालपर्यंत सलग, एकाच हाताच्या.

"बाप रे," कुवामोतोसान हळूच म्हणाले. "दांडा मूळचाच आहे."

निशिवाकी गुडघ्यांवर बसला होता. तो म्हणाला, "आजी, ही तुम्हाला परत हवी असेल."

हवी होती. पण घरी मी एकटी. वर्षातून दोनदा तेल लावायचं तर पातं धरणारा हात स्थिर हवा, आणि माझा कसा आहे ते त्याने पाहिलं होतं.

"तिला ठेवायला हात कुठे आहेत माझ्याकडे?" मी म्हणाले. "हा कागद तू घे. तिच्याबरोबर राहू दे. तिचं जे मी पुसलं ते यात आहे. मला फक्त नवा ठसा दे. आजचा."

"मी काढून देतो," तो म्हणाला.

"नाही. मीच काढते. तू नुसता कागद धर."

त्याने कागद घट्ट धरला. मी काजळकांडी फिरवली. काही रेघा दुहेरी आल्या. डागाच्या जागी दाणा नाही, रेघ नाही. नुसता सपाट काळा तळवा उमटला, आठ वर्षांच्या पोरीचा.

घरी येऊन मी अमेरिकेचं ते पुस्तक काढलं, बाबांच्या 'नाही'वर हा कागद ठेवला आणि समोर बसले. ते असते तर आधी दोन्ही कागद उजेडात धरून बघितले असते, भोकं मोजली असती. मग डागावर बोट ठेवून विचारलं असतं, "हिसायो, हे कुणी केलं?" मी सांगितलं असतं. मग ते ओरडले असते, घर दणाणेल इतके. राक्षस म्हणाले असते.

मी कान देऊन बसले होते. चुलीवरचं पाणी उकळून उकळून आटलं, तेव्हा उठले.