कुशीवर वळवल्यानंतर

मित्रांनो, मी भुलीच्या यंत्राला लटकणारा एक जुना काळा रबरी फुगा आहे. मला हाताने दाबलं की झोपलेल्या माणसाच्या छातीत हवा जाते. ती नीट जाते की अडते, हे दाबणाऱ्या हाताला कळतं. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई शिकाऊ डॉक्टरांना सांगत, पडद्यावरच्या आकड्यांच्या आधी फुग्याला विचारा. मला फार बरं वाटे.

एक दिवस बाईंनीच मला विचारलं नाही.

एका रुग्ण स्त्रीच्या उजव्या फुप्फुसाची शस्त्रक्रिया होती. घशातून दुहेरी नळी घातली होती. उजवं फुप्फुस शांत ठेवायचं आणि डाव्याने श्वास चालवायचा. पाठीवर असताना नळी तपासली, मग तिला डाव्या कुशीवर वळवलं. वळवताना नळी सरकते, म्हणून पुन्हा तपासायची, हा बाईंचाच नियम. पण सर्जनना उशीर झाला होता. ते हसून म्हणाले, "बाई, तुमची नळी काय पळून जाणार आहे?" सगळे हसले. बाईंनी तपासणं सोडलं आणि मला न दाबताच यंत्राने श्वास देणं सुरू केलं.

छाती उघडली, आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा घसरू लागला. ब्याण्णव. पंच्याऐंशी. बाईंनी घाईने मला धरलं. मी दगडासारखा कडक झालो होतो. मला ओरडता येत नाही, कडक होता येतं तेवढंच.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं द्या," सर्जन म्हणाले.

"तिच्याकडे दोन मिनिटं नाहीत."

सर्जनचे हात थांबले. नळी वर सरकून वाट बुजली होती. बाईंनी बारीक दुर्बिणीने बघत ती बोटभर आत सारली आणि मला दाबलं. मी दबलो. तरी आकडा एकाहत्तरवर अडून राहिला. बाई मला दाबत राहिल्या. मग चौऱ्याहत्तर झाले. मग ऐंशी.

शस्त्रक्रिया संपल्यावर दार उघडंच होतं. बाहेर तिचा नवरा तिचा चष्मा धरून उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "मधे श्वास अडला होता. नळी पुन्हा तपासायला हवी होती, मी तपासली नाही. आता त्या बऱ्या आहेत."

त्याने चष्मा पुढे केला. मग म्हणाला, "चष्मा आत देता का? त्याच्याशिवाय ती घाबरते."

आता मला चिरा पडल्यात, मी कपाटात असतो. त्याचं काही नाही. मित्रांनो, एवढंच ऐका. कुणी कुणाच्या उशाशी बसून श्वास राखत असेल, तर त्याला घाई लावू नका. दाराबाहेरच्या माणसाला उशीर चालतो.