पहिले पंधरा दिवस

"सर, तेजस्वीला माझ्याकडं पाठवू नगा," स्वप्नाली फोनवर म्हणाली. "माझ्याकडं आता खोलीच न्हाय."

कृष्णातने तोंडापाशी नेलेला चहा तसाच टेबलावर ठेवला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या परदेशी शिक्षणाच्या ऑफिसात आज चार वाजता, तिकडे निघणाऱ्या पोरांची आणि त्यांच्या आईवडिलांची शेवटची बैठक होती. पेठ वडगावची तेजस्वी सोमवारी डब्लिनला निघणार होती आणि उतरणार होती स्वप्नालीकडेच. बापाने तर तिच्या बॅगेवर स्वप्नालीचा पत्ता चिकटवूनही टाकला होता.

थांबत थांबत स्वप्नालीने सगळं सांगितलं. खोली तिची आणि वर्गातल्या एकीची, अशी दोघींची होती, करारात नावंही दोघींचीच. जानेवारीत कृष्णातने आणखी दोघींना तिच्याकडे पाठवलं, पंधरा दिवसांसाठी. पण त्या शहरात जागाच मिळेना, मिळाली तर परवडेना. पंधरा दिवसांचे सात महिने झाले. त्या दोघी खोलीत झोपत आणि स्वप्नाली स्वयंपाकघरातल्या फरशीवर. मंगळवारी घरमालक गळका नळ बघायला आला, त्याने अंथरुणं पाहिली आणि चौघींनाही बाहेर काढलं. आता ती दोन दिवस एका मैत्रिणीकडे, दोन दिवस दुसरीकडे अशी राहत होती. दिवसभर कॉलेजच्या लायब्ररीत बसायची. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते.

"आधी का सांगितलं न्हाईस, बाळ?"

"कसं सांगू सर? आईसमोर उभं ऱ्हाऊन शब्द दिलता न्हवं." मग घाईने म्हणाली, "तिला कळू देऊ नगा."

कृष्णातने फोन ठेवला. तो शब्द त्यानेच वदवून घेतला होता.

परदेशी जाणाऱ्यांना अकरा वर्षं सल्ले देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा पासपोर्ट नव्हता. बंगळूरच्या पुढे तो कधी गेलाही नव्हता. जाड कोट इथून नेऊ नका, तिथला वारा वेगळा असतो. कागदपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. नुसते फोटो बघून कुणाला खोलीचे पैसे पाठवू नका. हे सारं त्याने जाऊन आलेल्या पोरांना विचारून विचारून जमवलं होतं. एक नियम मात्र त्याचा स्वतःचा होता. आधी गेलेल्याने मागून येणाऱ्याला पहिले पंधरा दिवस ठेवून घ्यायचं. आणि जाण्याआधी बैठकीत, सगळ्यांच्या आईवडिलांसमोर उभं राहून तसा शब्द द्यायचा.

तो अकरावीला गावाहून कोल्हापुरात आला तेव्हा चुलतभावाच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात जण होते. हा आठवा. कुणी कपाळाला आठी घातली नव्हती, चटया जरा जवळ सरकवल्या, एवढंच. दाराशी आलेल्या माणसाला जागा होतेच, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून इतकं पक्कं बसलं होतं की जगात कुठे घरमालक माणसं मोजतो हे त्याच्या गावीही नव्हतं. तो नियम ऐकला की आयांचे चेहरे सैल व्हायचे. त्याचा त्याला अभिमान होता, खरं सांगायचं तर जरा जास्तच. तिकडून तक्रार येत नाही म्हणजे सगळं झकास चाललंय, असं त्याने धरून टाकलं होतं.

त्याने मालकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. धैर्यशील त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, पण मालक तो मालक. तो म्हणाला, पोरगी एकदा पोहोचली की होईल काहीतरी, अर्धी माणसं आपल्याकडे त्या नियमामुळेच येतात, आज तोंड उघडायचं कारण नाही. कृष्णात 'बरं' म्हणाला. बैठक उरकल्यावर तेजस्वीच्या बापाला बाजूला घेऊन हळूच सांगावं, असं त्याने ठरवलं. लाज वाटत होती, पण ठरवलं तसंच.

चार वाजता खोली भरली. त्याने कोट सांगितला, कागदपत्रं सांगितली, खोलीच्या फसवणुकी सांगितल्या आणि तो नियम तेवढा गाळून कागद मिटला. तेजस्वीचे वडील बाबासो उठले.

"सर, पयल्या पंधरा दिवसांचं ऱ्हायलं की."

कृष्णात काही बोलायच्या आत मागच्या रांगेतून एक बाई उभी राहिली. ती स्वप्नालीची आई, बनाबाई. तेजस्वीला भेटायला ती सकाळच्या एसटीने राधानगरीहून आली होती. एवढ्या माणसांत बोलायची सवय नसल्याने तिने आधी पदर सारखा केला.

"घोर करू नगा, पावणं," ती बाबासोंना म्हणाली. "माझी लेक हाय की तिथं. आजवर कुणाला न्हाय म्हटलं न्हाय तिनं. तुमची पोरगी ती माझीच."

सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. कृष्णातला ते बघवेना. पोरीने नको म्हटलं होतं, मालकानेही नको म्हटलं होतं. पण या बाईच्या शब्दावर आणखी एक मुलगी पाठवायची, हे त्याच्याच्याने झालं नाही.

"ताई, खाली बसा," तो म्हणाला. "स्वप्नालीची खोली गेली. मी पाठवलेल्या पोरी तिनं ठेवून घेतल्या, म्हणून घरमालकानं भाईर काढलं. चूक तिची न्हाय, माझी हाय."

बनाबाई बसली नाही.

"आनी तुमी सोमवारी माझी पोरगी तिथं पाठवनार हुता?" बाबासोंनी विचारलं.

"व्हय," कृष्णात म्हणाला. आज तो फोन आला नसता तर त्याने तिला पाठवलीच असती.

मग त्याने उरलेलं सगळं सरळ सांगितलं. कॉलेजच्या ऑफिसला आजच लिहा, तात्पुरती का होईना पण स्वतःच्या नावाची जागा मिळवा, मिळेपर्यंत तिकीट पुढे ढकला. आणि यापुढे इथे कुणी कुणाला ठेवून घ्यायचा शब्द द्यायचा नाही. दारात उभा असलेला धैर्यशील पाठ फिरवून केबिनमध्ये निघून गेला. ही आपली इथली शेवटची बैठक, हे कृष्णातला कळलं.

माणसं पांगली. बनाबाईने मात्र तेजस्वीला थांबवून घेतलं होतं. लेकीसाठी तिच्याबरोबर द्यायला आणलेली कापडी पिशवी तिने बाकावर ठेवली आणि कृष्णातला विचारलं,

"शेगडी असंल का वो तिच्याजवळ?"

"न्हाय, ताई."

तिने पिशवीतून तांदूळ काढून बाजूला ठेवले. मग नाचणीचं पीठ काढलं. शेंगदाण्याचे लाडू, भडंग आणि चटणी तेवढी आत राहू दिली, कारण ती न शिजवता खाता येण्यासारखी होती. मग तिने तांदूळ पुन्हा हातात घेतले.

"दर खेपंला हे धाडते मी. हे न्हाय दिसलं तर ती वळखंल, आईला कळलंय म्हणून," ती म्हणाली. "तुमीबी सांगू नगा. आनी बाई, तू जाशील तवा तूबी काय बोलू नगंस."

तेजस्वीने मान हलवली. कृष्णातने पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि बनाबाईने तांदूळ, पीठ परत आत ठेवलं.