विहीर पास झाली

नको नको म्हणत असतानाच पारूने माधुरी मॅडमच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, वर सुकटीची चटणी वाढली. मॅडमना इतक्यात उठू द्यायचं नव्हतं. घरामागे विहिरीवर वाडीतल्या बायांचं काम चाललं होतं आणि पारूचा जीव तिकडे टांगलेला होता.

मॅडम सरकारकडून पाणी मोजायला आल्या होत्या. सकाळी पंप लावून त्यांनी विहीर तळापर्यंत उपसली होती. आता ती आपली आपण किती भरते ते बघायचं. शास्त्रज्ञांनी नियम घालून दिला होता, पाणी ठरल्या वेळात भिंतीवरच्या खुणेला लागलं तर विहीर पास. पण मे महिन्यात ही विहीर खुणेला लागते कुठली! वाडीची शाळा नापास, रस्ता नापास, निदान विहीर तरी पास झाली पाहिजे, असं पारूने सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. म्हणून टँकरचं साठवलेलं पिण्याचं पाणी हंड्याहंड्याने विहिरीत जात होतं.

शेजारची रखमी दारात आली, पदराला हात पुसत तिने काम झाल्याचं मानेनेच सांगितलं. पारूने लगेच मॅडमना उठवलं. हात धुवायला घरात पाण्याचा एकच तांब्या उरला होता, तोही अर्धाच.

मॅडमनी विहिरीत टेप सोडली, परत सोडली. मग हसल्या. "पास!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. पारूची छाती फुगली.

"सुटलात मावशी," मॅडम म्हणाल्या. "आता याच विहिरीवर पंप बसेल. भातसा धरणाच्या पाण्याची पाइप नापास विहिरींच्या वाड्यांना जाईल."

"म्हंजे नापास झाली त्यांना धरणाचं पाणी?"

"हो तर. पूर्वी पाइप पुढारी म्हणेल तिकडे वळायची. आता मोजून ठरतं."

पारू विहिरीच्या कठड्याशी गेली, परत आली, पदराचं टोक पिळत राहिली. बोलावं तर अख्खी वाडी खोटी ठरणार. न बोलावं तर जन्मभर टँकरची वाट. स्वतःच्या शहाणपणाचा तिला असा काही राग आला की तिने रखमीचा दंडच धरला.

"मॅडम, ती पास नाय झाली. आमी केली तिला पास. पानी ओतलंय."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "अहो, मग मोजायचं तरी कशाला?"

"तेच तर आमाला कुनी सांगितलं नाय. पंप दाखवलात, टेप दाखवलीत. मोजता कशाला, ते नाय सांगितलंत."

टेप गुंडाळता गुंडाळता मॅडमचा हात थांबला. "खरं आहे. ते मी सांगायला हवं होतं." मग टेप परत उलगडत म्हणाल्या, "पुन्हा उपसू. पुन्हा मोजू. आणि या वेळी मी इथून हलणार नाही."

"थांबा, आमचं पानी काढून घेऊ द्या आधी!" रखमी ओरडली. बायांची एकच धांदल उडाली. मघाशी ओतलेलं पाणी आता गढूळ होऊन हंड्यांत परत आलं. ते गाळूनच प्यावं लागणार होतं.

मग पंप सुरू झाला, बंद झाला, आणि सगळे कठड्याभोवती बसले. या विहिरीला दरवर्षी पारूच नारळ वाढवायची, भरून ये म्हणून. आज तळाच्या खडकातून बारीक धार पाझरताना दिसली तशी ती ओणवी झाली. खुणेला पाणी लागणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी तिने हात जोडले.

"माये," ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आज नको गो भरू."